खिडक्या उघडणारी बाई

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की एकच चित्र आठवतं. रात्रीची वेळ, जखमी सैनिकांच्या खाटांची रांग, आणि हातात दिवा घेऊन त्यांच्यामधून फिरणारी एक सडपातळ बाई. परीक्षेत दोन मार्कांपुरता हा प्रश्न यायचा, आपण उत्तर लिहायचो आणि पुढच्या धड्याकडे वळायचो. दिवाळी अंकात दिव्याची आठवण निघणं साहजिकच आहे. पण गंमत अशी की बाईंच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात तो दिवा जेमतेम पावणेदोन वर्षांचा! उरलेलं बहुतेक आयुष्य त्यांनी कागद, पेन आणि आकडेमोड यांत घालवलं आणि एक हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही. घरातली हवा बाहेरच्या हवेइतकी स्वच्छ असलीच पाहिजे, हा तो हट्ट.

मी डॉक्टर नाही की इतिहासाचा अभ्यासक नाही. आकडे गोळा करणारी यंत्रणा उभारणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे मला दिव्यापेक्षा या हट्टाची गोष्ट जास्त जवळची वाटते. शिवाय तिचा एक धागा आपल्या सिडनीत येऊन पोचतो आणि दुसरा थेट पुण्यात.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० चा. आईवडील युरोपच्या लांबलचक सफरीवर होते, त्यात इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरी ही मुलगी झाली म्हणून गावाचंच नाव तिला मिळालं. घरची श्रीमंती मोठी, इंग्लंडात दोन-दोन प्रशस्त घरं. वडील विल्यम यांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवलं. लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान, सगळं. फ्लॉरेन्सचा ओढा मात्र गणिताकडे. मुलीनं चांगल्या घरात लग्न करून सुखानं राहावं एवढीच आईची इच्छा. मुलीच्या मनात वेगळंच होतं. वयाच्या सोळाव्या वर्षी, १८३७ साली, देवानं आपल्याला सेवेसाठी हाक दिली असं तिला वाटलं आणि ती हाक काही पाठ सोडेना.

त्या काळी इस्पितळात काम करणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. आपल्याकडे एखाद्या इनामदाराच्या मुलीनं तमाशात जाते म्हटल्यावर जे झालं असतं, तेच या घरात झालं. रडारड, अबोला, बहिणीला फिट्स. चांगलं स्थळ सांगून आलं होतं, तेही तिनं १८४९ साली नाकारलं. १८५१ साली जर्मनीतल्या कैसर्सवर्थच्या संस्थेत तीन महिने शिक्षण घेतलं आणि १८५३ साली लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका छोट्या रुग्णालयाची अधीक्षक झाली. तेव्हा ती तेहतीस वर्षांची होती. म्हणजे घरच्यांशी झगडण्यात सोळा वर्षं गेली.

१८५४ साली क्रिमियाचं युद्ध पेटलं. ब्रिटिश जखमींचे हाल वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले तशी लंडनमध्ये बोंबाबोंब झाली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांच्या विनंतीवरून ती ३८ परिचारिकांना घेऊन निघाली आणि नोव्हेंबर १८५४ च्या सुरुवातीला तुर्कस्तानात स्कुटारीला पोचली. आजच्या इस्तंबूलचा हा आशियाई भाग. तिथली बराक म्हणजे नावाला इस्पितळ. खाली तुंबलेली गटारं, वर कोंदट दालनं, अंथरुणांत उवा, अंगावर घालायला सदरे नाहीत. नाइटिंगेल बाईंनी स्वयंपाकघर लावलं, धुणीघर लावलं, कपडे विकत आणले, आणि रात्री कंदील घेऊन फेऱ्या मारल्या. वर्तमानपत्रांनी तो कंदील उचलला आणि बाई दंतकथा झाल्या.

मृत्यू मात्र थांबेनात. फेब्रुवारी १८५५ मध्ये दाखल होणाऱ्या रुग्णांच्या हिशेबात शंभरातले चाळीसहून जास्त दगावत होते. मार्चमध्ये सरकारनं सॅनिटरी कमिशन पाठवलं. या लोकांनी गटारं उपसली, कुजलेली जनावरं हलवली, पाण्याची व्यवस्था सुधारली आणि कोंदट दालनांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हाच आकडा शंभरात दोनच्या आसपास आला. खाटा त्याच, आणि शुश्रूषा करणारे हातही बरेचसे तेच. फरक पडला तो गटारं, पाणी आणि हवा सुधारल्यामुळे.

१८५६ साली बाई मायदेशी परतल्या तेव्हा स्वागत-सत्काराच्या भानगडीत न पडता त्या विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत आकडे घेऊन बसल्या. महिन्यामागून महिन्याचे तक्ते मांडले तेव्हा दिसलं की लढाईतल्या जखमांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त सैनिक टाळता येण्याजोग्या आजारांनी गेले होते. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या देखरेखीखाली गेलेली ही माणसं वाचली असती, हे आकड्यांनी सांगितलेलं पचवायला किती जड गेलं असेल! दुसरं कुणी असतं तर मिळालेल्या कीर्तीवर समाधान मानून गप्प बसलं असतं. बाईंनी ते आकडे सगळ्या जगापुढे मांडले. मंत्र्यांना लांबलचक तक्ते वाचायचा कंटाळा, म्हणून त्यांनी १८५८ साली गोल पाकळ्यांची रंगीत आकृती काढली. निळी पाकळी टाळता येणाऱ्या रोगांची, लाल जखमांची, काळी इतर कारणांची. निळा रंग एवढा पसरलेला, की समजावून सांगायची गरजच पडू नये. आज आम्ही आयटीवाले डॅशबोर्ड म्हणून जे विकतो त्याची ही आजी! त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेनं त्यांना सदस्य करून घेतलं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

आता हवेकडे येतो. १८६० च्या सुरुवातीला त्यांचं शुश्रूषेवरचं छोटंसं पुस्तक वाचकांच्या हाती पडलं. ते परिचारिकांपेक्षा घरोघरच्या बायकांसाठी लिहिलेलं होतं, कारण घरचं आजारपण शेवटी त्याच निभावतात. पुस्तकातला पहिलाच नियम हवेचा. रुग्णाला थंडी वाजू न देता खोलीतली हवा बाहेरच्याइतकी ताजी ठेवायची, हे जमलं नाही तर बाकी सगळी सेवा फुकट. रात्रीची हवा बाधते म्हणून खिडक्या गच्च लावून घेणाऱ्यांची त्यांनी चांगलीच खिल्ली उडवली आहे. आपल्याकडेही 'वारं लागेल' म्हणून कानटोपी घालून खिडकी लावणारी आजी घरोघरी असतेच की!

याच पुस्तकात एक परिच्छेद असा आहे की तो वाचून मी थक्क झालो. मँचेस्टरला अँगस स्मिथ नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. आम्लपावसाला नाव देणारे तेच. हवेत माणसांमुळे किती घाण मिसळली आहे हे ते पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या द्रावणाने तपासत. गावाकडे विहिरीत टाकतात तेच हे औषध. बाईंचं म्हणणं असं, की ही परीक्षा थर्मामीटरइतकी सोपी करा, तिचं छोटं उपकरण बनवा, रात्रभराची नोंद आपोआप होऊ द्या, आणि ते प्रत्येक झोपायच्या खोलीत ठेवा. कोंदट हवेत सतत राहिलेल्या माणसाचं नाक बोथट होतं, त्याला काही कळत नाही. पण सकाळी उपकरणानं रात्रीची हकीकत दाखवली की आई असो की परिचारिका, पुन्हा तशी चूक करणार नाही. आणि मुलांनी खच्चून भरलेल्या शाळेत ते उपकरण लावलं तर काय काय बाहेर येईल, असंही त्या पुढे म्हणतात. १८६० साली! विजेचा दिवासुद्धा घरात आला नव्हता तेव्हा.

बाईंनी मागितलेलं उपकरण आज मिळतं. त्यामागची कल्पना दुसऱ्या एका माणसाची. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली असा विचार मांडला, की माणसांनी बिघडवलेली हवा मोजायची तर त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड मोजावा. एवढ्याशा प्रमाणात तो वायू स्वतः विषारी नव्हे, पण तो साठला म्हणजे उच्छ्वासातलं बाकी सगळंही साठलं. दहा लाख भागांत १,००० भाग, म्हणजे १,००० पीपीएम, ही त्यांनी घातलेली मर्यादा आजही लोक वापरतात. तिसरा धागा लंडनचा. १८५९ साली जॉन टिंडल यांनी प्रयोगशाळेत दाखवायला सुरुवात केली की काही वायू उष्णतेचे किरण अडवतात. कार्बन डायऑक्साइड त्यांतलाच एक. चांगल्या प्रतीच्या मॉनिटरच्या डबीत आज हेच चालतं. एका टोकाला अवरक्त किरणांचा छोटा दिवा, दुसऱ्या टोकाला ते मोजणारा डोळा, आणि मधल्या हवेत वायू जितका जास्त तितके किरण कमी पोचतात.

असा एक मॉनिटर मी गेल्या हिवाळ्यात गिरावीनच्या आमच्या घरात ठेवला. बाहेरच्या अंगणात तो ४३० च्या आसपास दाखवतो. आईबाबा पुण्याहून आले होते, त्यामुळे मुलं आमच्या खोलीत. चार जण, दार बंद, खिडक्या बंद, आणि भिंतीवरचा एसी उबदार वारा सोडतोय. पहाटे आकडा २,१०० च्या वर. आता साधा हिशेब बघा. आपल्या उच्छ्वासात हा वायू साधारण ४०,००० पीपीएम असतो. म्हणजे २,१०० आकडा असलेल्या खोलीत आपण घेतलेल्या शंभर श्वासांमधले चार आधीच कुणाच्या तरी फुप्फुसातून वापरून आलेले. एकाच ताटात जेवायला आपण कां कू करतो, पण श्वास उष्टा चालतो! खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि दार किलकिलं केलं, तर दुसऱ्या दिवशी आकडा ९०० च्या आत. खर्च शून्य, फक्त पायाशी एक गोधडी जास्त.

परत बाईंकडे. क्रिमियातून जडलेल्या तापानं त्या १८५७ पासून जवळजवळ घरात खिळल्या. पण अंथरुणातून त्यांनी जे काम केलं ते धडधाकट माणसाला झेपणार नाही. १८६० साली त्यांच्या नावानं जमलेल्या निधीतून लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. समोरासमोर उंच खिडक्या असलेले लांब वॉर्ड बांधण्याची पद्धत त्यांनी उचलून धरली आणि जगभर तशी रुग्णालयं उभी राहिली.

आणि मग हिंदुस्थान. १८५९ साली हिंदुस्थानातल्या सैन्याच्या आरोग्यावर शाही आयोग नेमला गेला. बाई स्त्री, म्हणून आयोगावर नाहीत, पण काम त्यांचंच. मुंबई इलाख्यासह देशभरच्या छावण्यांना त्यांनी प्रश्नावली धाडली आणि आलेल्या कागदांच्या ढिगाऱ्यातून १८६३ चा अहवाल आकाराला आला. गोरा सैनिक तिथे वर्षाला हजारी ६९ या दरानं मरत होता. हा दोष हवामानाचा, असा सर्वांचा समज. बाईंनी दाखवून दिलं की दोष गर्दीचा, घाणेरड्या पाण्याचा, नसलेल्या गटारांचा आणि कोंडलेल्या बराकींचा आहे. पुढच्या दहा वर्षांत तो दर हजारी १८ पर्यंत उतरला.

हळूहळू त्यांचं लक्ष सैनिकांवरून रयतेकडे वळलं. दुष्काळ, शेतसारा, खेड्यांची स्वच्छता हे त्यांचे विषय झाले. न्यायमूर्ती रानडे आणि सार्वजनिक काकांच्या नावाशी जोडलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. खेड्यात आरोग्य पोचवायचं तर गावच्याच माणसांनी, गावच्याच भाषेत समजावून सांगितलं पाहिजे, हे त्यांचं मत. मुंबईचे समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ साली त्यांनी प्रस्तावना लिहिली. पाच वर्षांनी पुण्यात प्लेगच्या निमित्तानं घरांत सोजीर घुसले आणि त्यातून काय घडलं ते आपण सगळे जाणतो. स्वच्छता बंदुकीच्या जोरावर आणता येत नाही, हे पुण्यातल्या साहेबांना लंडनमधल्या या म्हातारीनं सांगितलं असतं. या सगळ्यात एक गोष्ट मला चटका लावते. ज्या देशासाठी त्यांनी इतकी वर्षं खर्ची घातली तो त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नाही.

सिडनीही त्यांनी पाहिली नाही, पण त्यांची माणसं इथे आली. न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे कलोनियल सेक्रेटरी हेन्री पार्क्स यांनी शिकलेल्या परिचारिकांची मागणी केली. ५ मार्च १८६८ रोजी लूसी ऑसबर्न आणि तिच्या पाच सहकारी बोटीतून इथे उतरल्या. मॅक्वारी स्ट्रीटवरचं सिडनी इन्फर्मरी तेव्हा झुरळांनी, ढेकणांनी आणि सांडपाण्याच्या वासानं भरलेलं होतं. आठवड्यातच क्लॉनटार्फला राणीचा मुलगा प्रिन्स आल्फ्रेड याच्यावर गोळी झाडली गेली आणि त्याची शुश्रूषा या नव्या बायकांकडे आली. पुढे ऑसबर्नबाईंना डॉक्टरांचा आणि समितीचा खूप विरोध सोसावा लागला. खुद्द नाइटिंगेल बाईही त्यांच्यावर नाराज होत्या. तरी त्या १८८४ पर्यंत टिकून राहिल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या आधुनिक शुश्रूषेचा पाया घातला गेला. परिचारिकांसाठी बाईंच्या सल्ल्यानं बांधलेली १८६९ ची 'नाइटिंगेल विंग' आजही उभी आहे. पेंडल हिल किंवा टूंगॅबीहून गाडी धरून मुलांना एकदा जरूर न्या. रस्त्यावरच रानडुकराचा ब्राँझचा पुतळा दिसेल. नशीब उजळावं म्हणून त्याचं नाक चोळायची पद्धत आहे. तो फ्लॉरेन्स शहरातल्या पुतळ्याची प्रतिकृती, १९६८ साली दिलेली. बाईंच्या जन्मगावची खूण नेमकी त्यांच्या परिचारिकांच्या दाराशी येऊन बसली आहे!

बाईंचं सगळंच बरोबर होतं असं मात्र नाही. रोग दूषित हवेतून आपोआप उपजतो, या जुन्या समजुतीवर त्यांनी बराच काळ विश्वास ठेवला. जंतू सापडले, कॉलरा पाण्यातून येतो हे सिद्ध झालं, आणि शास्त्रज्ञांनी हवेची ती जुनी कल्पना मोडीत काढली. लंबक इतका दुसऱ्या टोकाला गेला की हवेतून रोग पसरतो म्हणणं म्हणजे अडाणीपणा ठरला. कोविडच्या वेळी आपण सगळे हात धूत बसलो, पार्सलं पुसत बसलो. जुलै २०२० मध्ये ब्रिस्बेनच्या प्राध्यापक लिडिया मोराव्स्का आणि अमेरिकेतले डोनाल्ड मिल्टन यांनी २३९ शास्त्रज्ञांच्या पाठिंब्यानं सांगितलं, की हा विषाणू खोलीतल्या हवेतून पसरतो, तिकडे लक्ष द्या. जागतिक आरोग्य संघटनेनं ते पुरतं मान्य करायला २०२१ उजाडलं. बाईंचं कारण चुकलं होतं, पण उघडलेली खिडकी चुकली नव्हती.

आपल्यासाठी यातून काय घ्यायचं? इथल्या घरांतले भिंतीवरचे एसी खोलीतलीच हवा फिरवतात, बाहेरची आत घेत नाहीत. त्यामुळे खोली गार किंवा उबदार होते, ताजी होत नाही. सिलेक्टिव्ह शाळेच्या परीक्षेसाठी मूल दार लावून तीन तास बसतं आणि जांभया देतं, तेव्हा ओरडण्याआधी खिडकी उघडून बघा. मॉनिटर घ्यायचा तर अवरक्त किरणांनी किंवा तत्सम पद्धतीनं खरोखर कार्बन डायऑक्साइड मोजणारा घ्या. काही स्वस्त यंत्रं दुसऱ्याच वायूंवरून नुसता अंदाज दाखवतात. अंगणात ठेवून आकडा ४३० च्या आसपास येतो का पाहा. ८०० च्या आत उत्तम, १,००० ओलांडला की खिडकी उघडायची, हा सोपा नियम. ऑस्ट्रेलियाच्या इमारत संहितेतल्या पडताळणी पद्धतीत आठ तासांची सरासरी ८५० धरली आहे.

मॉनिटरला काय दिसत नाही तेही लक्षात ठेवा. फोडणीचा धूर, उदबत्तीचा धूर, बुशफायरचा धूर त्याला कळत नाही. २०१९-२० च्या उन्हाळ्यासारखं आभाळ तांबडं झालं, तर खिडक्या लावून एअर प्युरिफायरच चालवायला हवा, बाईंचा नियम तेव्हा उलटा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचं, गॅस हीटरमधून येणारा कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा आणि जीवघेणा वायू. त्यासाठी अलार्मही वेगळा लागतो. बंद घरात कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये.

बाई १३ ऑगस्ट १९१० रोजी गेल्या. नव्वद वर्षांच्या होत्या, दृष्टी केव्हाच गेली होती. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा मान घरच्यांनी नाकारला आणि हँपशरमधल्या ईस्ट वेलो गावी, आईवडिलांजवळ त्यांना साधेपणानं माती दिली. त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात. आपल्या मंडळातही कितीतरी जणी वेस्टमीडला आणि ब्लॅकटाउनला रात्रपाळी करतात. त्यांना ही गोष्ट माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल.

यंदाच्या दिवाळी कार्यक्रमाला हॉल भरेल, आजी-आजोबा पुढच्या रांगेत बसतील, तान्ही बाळंही असतील. आवाज बाहेर जातो म्हणून दारं लावायची वेळ येईल तेव्हा निदान मागच्या खिडक्या उघड्या ठेवू या आणि मध्यंतरात पाच मिनिटं सगळी दारं सताड उघडू या. कार्यकारिणीनं मॉनिटर मागितला तर माझा आनंदानं देईन. पणत्या दारातच शोभून दिसतात, त्यामुळे दार उघडं ठेवायला निमित्तही आहेच. शुभ दीपावली!